शेवटची अर्धी ओळ

माय, तुला लिहायला बसलेय खरी, पण तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मेल्यावर तिकडे कुणी शाळा काढली असेल असं मला वाटत नाही. तेव्हा हे कुणासाठी लिहितेय ते विचारू नकोस. बोलून मोकळं व्हावं तर घराला भिंती आहेत, आणि भिंतीपलीकडे समोरच्या काकू आहेत, त्यांचे कान किती लांब आहेत ते पुढे सांगतेच. मी चौथीपर्यंत शिकले, त्याला साठ वर्षं होऊन गेली. जोडाक्षर आलं की अजून पेन अडखळतं. पण आज दुपारी तुझं रडणं कॉलेजात वाजणार आहे. तुझ्या पणतीच्या फोनमधून, वर्गभर पोरापोरींसमोर. हे तुला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. विचारायला पाहिजे होतं, खरं तर.

सकाळी निघताना ती दारात चपला घालता घालता म्हणाली, "आजी, शेवटचं विचारते. कुणाचं रडणं म्हणून सांगू? माझी पणजी म्हणू की नको?" मी म्हटलं, "गावाकडची कुणीतरी बाई म्हण. आजीच्या ओळखीची म्हण." ती एक चप्पल पायात, एक हातात अशी जराशी थांबली. वाद घालायची सवय आहे तिला, माझीच आहे ती, पण घातला नाही. "तीन वाजता माझा नंबर आहे. त्याच्या आत मन बदललं तर फोन कर," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. आता दीड वाजत आलाय. फोन माझ्या शेजारी पालथा पडलाय.

ती माझ्या मुलाची मुलगी. नाशिकरोडहून रोज बसनं गंगापूररोडच्या कॉलेजात जाते, इंग्रजी घेऊन बी.ए. करते. इंग्रजी घेऊन काय करणार, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा तिनं मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. तर या वेळी त्यांच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक जुनी नावाजलेली कविता वाटून दिली आणि सांगितलं, ही उसवून दाखवा. शिवलेला झंपर उसवून कसा कळतो की बाही कुठे बसवली आणि चुण्या कुठे घातल्या, तसं. यमक कुठे, ठेका कसा, कुठली ओळ पुन्हा पुन्हा आली आणि का आली. शिवाय आपल्या घरातलं, गावातलं असं काही त्याच्या शेजारी ठेवता आलं तर ठेवा, असंही म्हणाल्या. या "शिवाय"नं सगळा घोटाळा केला.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, सून ऑफिसात, मी टेबलावर पेपर पसरून मेथी निवडतेय आणि ही समोर बसून कविता म्हणतेय आणि चमच्यानं डब्याच्या झाकणावर ठोकतेय. "काय गं, भांडी फोडायला शिकवतात का तुमच्यात?" "आजी, ठेका बघतेय." "बघ की. आवाज न करता बघ." "आवाज केल्याशिवाय दिसत नाही तो." मग तिनं मला समजावलं. इंग्रजीत म्हणे शब्दाचा एक तुकडा हलका असतो, एक जड. हलका-जड, हलका-जड असं चालत राहतं. एका ओळीत चार जड, पुढच्या ओळीत तीन, परत चार, परत तीन. मी म्हटलं, "म्हणजे नदीवर धुणं आपटल्यासारखं. उचललं की हलकं, आपटलं की जड." "हो आजी, अगदी तसंच!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी जास्तीचं शहाणपण दाखवायला गेले आणि पुढच्या ओळीत सहा जड मोजले. "आजी, तू प्रत्येक शब्दावर आपटतेस. इंग्रज एवढं धुणं धूत नाहीत."

कविता काय, तर एक म्हातारा. त्याची बायको गेलीय. तो रोज संध्याकाळी नदीच्या पुलाशी जाऊन उभा राहतो आणि तिला हाक मारतो. पहिल्या कडव्यात म्हणतो शेळ्या परत आल्या, दुसऱ्यात म्हणतो शेजाऱ्यांकडे चूल पेटली, तिसऱ्यात म्हणतो थंडी पडायला लागली, आणि दर कडव्याच्या शेवटी तेच: पूल ओलांडून ये, मी इथे उभा आहे. यमक म्हणशील तर दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं जुळतं, पहिल्या-तिसऱ्याचं नाही. "जुळवायचंच तर सगळं जुळवायचं की," मी म्हटलं. "सगळं जुळलं तर कान झोपतो, आजी. अर्धं जुळतं म्हणून तो वाट बघत बसतो." हे मला पटलं नाही. मी मेथीच्या काड्या मोडत म्हटलं, "आणि हा म्हातारा तेच ते किती वेळा म्हणतोय? शब्द संपले का मेल्याचे?"

बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा बोलले होते. म्हाताऱ्याबद्दल नव्हे. पण ते तेव्हा नुसतं चाटून गेलं, पोर पुढे बोलतच होती.

ती म्हणाली, "शब्द तेच आहेत आजी, पण ओळ तीच नाहीये. बघ. पहिल्यांदा म्हणतो तेव्हा ती नुसती हाक आहे, उशीर झाला, ये आता. दुसऱ्यांदा जरा चिडलाय. तिसऱ्यांदा घाबरलाय. मधलं कडवं पुढे सरकलं ना, म्हणून तीच ओळ दर वेळी वेगळी लागते. आणि चौथ्यांदा बघ काय करतो." चौथ्या कडव्यात म्हातारा म्हणतो, पूल मागच्याच पुरात वाहून गेला. मग म्हणतो, पूल ओलांडून ये, आणि संपलं. पुढचं मी इथे उभा आहे हे येतच नाही. मी म्हटलं, "छापायचं राहिलं असेल." "नाही गं, मुद्दाम केलंय. तीन जड यायला हवेत, एकच येतो. मॅडम म्हणाल्या, उरलेले दोन गप्प आहेत, पण ते पण मोजायचे. तीन वेळा कानाला सवय लावली आणि चौथ्यांदा दिलंच नाही. ती गप्प जागा हीच सगळ्यात मोठी ओळ आहे या कवितेतली."

हातातली काडी मी मोडलीच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी माय असंच रडायची."

"रडायची म्हणजे?" आता या पोरीला काय सांगणार? तिनं मयत पाहिलेलं सगळं या बिल्डिंगमधलं. पांढरे कपडे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बायका रुमालानं नाक पुसतात आणि स्कूटीवरून घरी जातात. मी तिला सांगितलं की आमच्या कळवणकडच्या गावात बाया हेल काढून रडायच्या. गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्याशी बोलत, सुरात. प्रत्येकीला जमायचं नाही. माझ्या मायला जमायचं. गावात कुणी गेलं की आधी मायला निरोप यायचा आणि मग पाहुण्यांना. ती नाचणीच्या पिठाचे हात तसेच पदराला पुसत निघायची. तिथे जाऊन बसली की घरच्या बायांचं अडलेलं रडू मोकळं व्हायचं. मयत ज्याचं, त्याच्याच घरातलं, त्याच्याच कामातलं बोलायची ती. गुराख्याच्या मयताला गुरांचं, शिंप्याच्या मयताला सुई-दोऱ्याचं. पोरीचे डोळे हे एवढे झाले. "आजी, आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माय. नवऱ्याला दिसलं होतं, म्हणून त्याला माहीत होतं. मुलाला माहीत नव्हतं. सुनेचा तर प्रश्नच नाही.

आणि एक तिला सांगितलं नाही ते तुला आठवत असेल. मी सात-आठ वर्षांची. आपल्या शेळीचं पिल्लू मेलं म्हणून मी अंगणात त्याच्यापुढे बसून तुझ्यासारखा हेल काढला होता. शेजारच्या पोरी गोल करून बसल्या होत्या, मला मोठी मजा वाटत होती. तू चुलीपुढून फुंकणी घेऊनच बाहेर आलीस. पाठीत एकच बसली. "जित्या घरात हेल काढती? कुणाला बोलावती तू? ते काय गाणं हाय का?" संध्याकाळी तू माझ्या पाठीला तेल लावलंस, पण चुकलं असं म्हणाली नाहीस. म्हणायला नकोच होतं. मला ते पाठ झालं होतं. घरात सगळे जिवंत असताना तो सूर तोंडातून काढायचा नाही.

आता बाबा गेले तो दिवस. तो तुझ्यापाशी काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मला एकलहऱ्याच्या कॉलनीत राहायला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नवरा वीज केंद्रात लागलेला. नळाचं पाणी, ट्यूबलाइट, दोन खोल्यांचं क्वार्टर. वाळत घातलेल्या धुण्यावर चिमणीची राख बसायची, पण ती राखसुद्धा मला शेणापेक्षा बरी वाटायची. शेजारणी बोलायला नीटनेटक्या. मी महिनाभरात हाय-नाय सोडून आहे-नाही म्हणायला शिकले होते. बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा नवऱ्याच्या साहेबांनी चांगुलपणानं आपली जीप काढली आणि स्वतः बरोबर आले. आम्ही पोचलो तर बाबा ओट्यावर, अंगावर पांढरं धोतर, आणि तू त्यांच्या उशाशी. दुसऱ्यांच्या मयताला मी तुला शंभरदा ऐकलं होतं. घरच्या मयताला पहिल्यांदाच.

"मळ्यात गेला असाल, तर ऊन लय झालं, ताट झाकलंय धनी, जेवाया या." एवढं म्हणून तू झुललीस. "बाजाराला गेला असाल, तर गाडी कवाच आली, ताट झाकलंय धनी, जेवाया या." बाया रडत होत्या. साहेब चप्पल काढून अंगणात उभे होते, रुमाल हातात. मी त्यांच्याकडे बघत होते, तुझ्याकडे नाही. त्यांच्या तोंडावर काय आहे ते मला कळेना. "रुसून बसला असाल, तर चुकलं माझं म्हणते, ताट झाकलंय धनी, जेवाया या." माझे कान तापले. बाप गेला याचं दुःख होतं की नव्हतं तेही मला सांगता येणार नाही, कारण मी सगळा वेळ जेवाया हा शब्द साहेबांच्या कानानं ऐकत होते. मग तू बाबांच्या तोंडावरचं धोतर सारखं केलंस आणि म्हणालीस, "ओट्यावर निजला तुम्ही, तर गाव का जमला, ताट झाकलंय धनी."

आणि थांबलीस.

मला वाटलं, अडकली. मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. सगळं अंगण गप्प, कुणी नाकसुद्धा ओढेना, आणि त्या गप्पपणात मी म्हटलं, "माय, बास आता. लोक बघताहेत." बघताहेत. शुद्ध, कॉलनीतलं. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही बघितलंस. चुलीपुढे बसलं असताना अनोळखी कुणी दारात येऊन उभं राहावं, तसं. मग पदर तोंडावर ओढलास. त्यानंतर बाबांना उचलेपर्यंत तुझा आवाज आला नाही. परत येताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "तुमच्या आई काय म्हणत होत्या हो, मला सगळं कळलं नाही, पण—" आणि मी त्यांना पुढे बोलू न देता म्हटलं, "अडाणी आहे हो ती. तेच ते म्हणत बसते. शब्द संपले की असंच होतं." त्या "पण"च्या पुढे काय होतं ते साहेबांबरोबर गेलं.

त्यानंतर तू कुणाच्या दारी गेली नाहीस. निरोप आला की म्हणायचीस, घसा बसलाय. वर्षानुवर्षं घसा बसलेला. तू माझ्याकडे यायचीस तेव्हा नागलीचे पापड आणायचीस, दोन दिवस खाली मान घालून राहायचीस, आणि कॉलनीतल्या बायकांपुढे तोंडातून शब्द काढायची नाहीस. मी म्हणायचे, माय आता किती शांत झाली! तू गेलीस तीही माझ्याच घरात, आणि मी आल्यागेल्याला चहा केला, फोन केले, बर्फ मागवला, गुरुजींशी बोलले. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे ही. कुणी हेल काढला नाही. काढणारी एकच होती, ती खाली सतरंजीवर होती.

हे सगळं पोरीला सांगितलं का? नाही. ओळी सांगितल्या. ताट झाकलंय हे सांगितलं, चौथ्यांदा तू थांबलीस हे सांगितलं. मी मध्ये बोलले ते गाळलं. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "आजी, हे तेच आहे! मधलं पुढे सरकतंय, ओळ तीच राहतेय आणि शेवटी मोडतेय." तिनं चमच्यानं तुझ्या ओळींवर ठोकून बघितलं. हलकं-जड तिथे बसलं नाही, आपलं वेगळं चालतं म्हणाली, तिथे श्वासावर मोजावं लागतं. पण गप्प जागा तीच म्हणाली. मग माझ्या मागे लागली, एकदा म्हणून दाखव, नुसतं वाचून कळणार नाही वर्गाला, फोनवर घेते. मी दोन दिवस नाही म्हटलं. जित्या घरात हेल काढू नये हेही सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हा अभ्यास आहे, रडणं नाहीये." तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक होतं. फुंकणीसकट ठाऊक होतं.

तरी म्हटलं. का म्हटलं? तर ती म्हणाली, मॅडमना खूप आवडेल. बास, एवढंच. आयुष्यभर ज्याची लाज धरली ते कुणा मॅडमना आवडेल म्हटल्यावर मी गॅस बंद केला, पदर नीट केला आणि खुर्चीवर ताठ बसले. पहिली ओळ मी म्हटली. दुसरी कुणी म्हटली मला माहीत नाही. घसा तुझा होता. इतकी वर्षं मी तो कुठे ठेवला होता कुणास ठाऊक. कूकरच्या झाकणात माझं तोंड दिसत होतं आणि ते झुलत होतं. मी तुझ्यासाठी कधी रडले नव्हते ना, तर रडले ते असं, स्वयंपाकघरात, फोनसमोर, पोरीच्या मार्कांसाठी, आणि रडता रडता मनात मोजत होते की तिसरं झालं, आता चौथं. यापेक्षा त्या शेळीच्या पिल्लापुढे मी खरी रडले होते.

चौथं आलं. "ताट झाकलंय धनी," म्हटलं. आणि मी थांबले नाही. "जेवाया या," म्हणून टाकलं. ओळ पुरी केली.

पोरीनं फोन खाली घेतला. "आजी, तू म्हणालीस ना ती शेवटी थांबली? तू तर पूर्ण केलंस." मी म्हटलं, "विसरले." "परत घेऊ या?" आणि तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या काकू. डोक्यावर पदर घेऊनच आलेल्या, तोंड पाडलेलं, एका हातात मोबाइल, सगळ्या बिल्डिंगला कळवायच्या तयारीत. "अहो, काय झालं? कोण गेलं?" "कुणी नाही हो. टीव्हीवर लागलं होतं." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "टीव्ही तर बंद दिसतोय." "आत्ताच बंद केला." "बाई गं, काय रडत होती ती! माझ्या अंगावर काटा आला. कुठली सिरीयल म्हणायची?" "कुणाला माहीत. असेल कुठलीतरी अडाणी बाई."

माझ्यामागे पोर तोंड दाबून हसत होती. हा शब्द ऐकला आणि तिचं हसणं बंद झालं. काकू गेल्यावर तिनं परत घेऊ या म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. रात्री जेवताना सुनेला कळलंच, काकूंनी जिन्यात गाठून सिरीयलचं नाव विचारलं होतं तिला. सून म्हणाली, "आई, घरात असलं काही नका ना म्हणू. ह्यांचं बीपी आधीच वर आहे." मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचं बीपी माझ्या मायला घाबरत नाही." पण उशी मी त्या रात्री दोनदा उलटली.

अडीच वाजले, माय. फोन सुलटा करून ठेवलाय. एक बटण दाबायचं, आणि म्हणायचं, पणजी म्हण. आणि शेवटची ओळ चुकीची आहे ते पण सांग. दोन वाक्यं. मी दूध तापवून घेते आणि करते.

दूध तापलं. साय उतरवून ठेवली. मग ओटा पुसला, तो सकाळी पुसलेलाच होता. आता तीनला पाच कमी आहेत, ती वर्गाबाहेर उभी असेल, फोन बंद केला असेल, आता करून काय उपयोग, असं मी स्वतःला म्हणून घेतलं. पाच मिनिटांत काय होतं ते मला ठाऊक नाही असं नाही. मी बसून घड्याळाकडे बघितलं. काटा पुढे गेला तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण लाज वाटायला पाहिजे ती इथे.

ती संध्याकाळी आली. आता पुढचं लिहितेय, ती बाहेर जेवतेय. सकाळी डबा न घेताच गेली होती, म्हणून मी पोळी-भाजी वाढून ठेवली होती. आल्या आल्या मी विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "छान झालं." ज्या सुरात म्हणाली त्यात छान काही नव्हतं. मग हात धुताना पाठमोरीच सांगत गेली. आधी मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. दुसऱ्या ओळीला हसणं थांबलं. तिसऱ्या ओळीला पुढची एक मुलगी रडायला लागली, तिची आजी नुकतीच गेलीय म्हणे. सगळं संपल्यावर मॅडमनी विचारलं, ही बाई कोण? ही म्हणाली, "गावाकडची एक बाई. आजीच्या ओळखीची."

मी म्हटलं, "मग?"

"मग मॅडमनी फळ्यावर दोन्ही शेवटच्या ओळी लिहिल्या. कवितेची अर्धी आणि हिची पुरी. म्हणाल्या, हा फरक बघा. कवी हा कवी असतो, त्याला कुठे मोडायचं ते कळतं. गावाकडची बाई साधी असते, तिच्याकडे सवयीची ओळ असते, ती ती पुरी करते. त्यातही एक गोडवा आहे म्हणाल्या. सगळ्यांनी लिहून घेतलं."

माय, तुझी एकच ओळ सगळ्यात मोठी होती, ती मी दोनदा बुजवली. एकदा बोलून आणि एकदा म्हणून. त्या मॅडमना बोल लावायचा नाही, त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी उसवलं. "तू सांगायचं नाहीस का," मी पोरीवर ओरडले, "की ती थांबली होती?" तिनं नळ बंद केला. "काय सांगू, आजी? तूच म्हणालीस ना बाईचं काही सांगू नकोस. तुला कसं माहीत, असं मॅडमनी विचारलं असतं तर? कुणाची आई होती ती?"

ती येऊन बसली. तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलेलं होतं. तिनं वरचं ताट उचललं, माझ्याकडे बघितलं आणि पोळी मोडली. दोन घास खाऊन तिनं विचारलं, "आजी, खरंच थांबली होती ना पणजी?"

"हो."

"किती वेळ? म्हणजे साधारण. एक श्वास, दोन श्वास?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"आठवत नाही?"

"आठवतं. पण किती वेळ थांबणार होती ते कुणालाच कळलं नाही. मी मध्ये बोलले." मग त्या दिवशी काय बोलले तेही सांगितलं, जीपमधलंही सांगितलं. आणि परवा विसरले म्हणाले ते खोटं होतं, मला तिथे गप्प बसवलं नाही, हेही. ती घास हातात धरून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पुढच्या बुधवारी मॅडमचा तास आहे." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत आले आणि हे कागद पुढे ओढले.

ती अजून बाहेर बसलीय. ताटाचा आवाज थांबलाय. जाऊन सांग म्हणायचंय तिला, माझी आई होती म्हणून सांग. अजून म्हणाले नाही.